संदर्भाशी जुळतं

सगळ्यांत आधी हे सांगून टाकते, की मी उपासनी सरांना काचेचं भांडं फेकून मारलेलं नाही. ग्रुपवर जे फिरतंय ते साफ खोटं आहे. मी ते टेबलावर आपटलं. आता काचेचं भांडं आपटल्यावर फुटतं, त्याला मी काय करू? आणि हसू नका, यात हसण्यासारखं काही नाहीये. मला अजून आठवलं तरी कानशिलं तापतात.

क्रमानं सांगते, मध्ये बोलू नका.

माझे अण्णा सोनार, हे तुम्हाला माहितीये. सिन्नरच्या सराफ गल्लीत दुकान. दुकान म्हणजे काय, एक शटर आणि आत कामाचा पाट. पण हात असा की नाशिकहून बायका नथ दुरुस्तीला घेऊन यायच्या. मोत्याला भोक पाडायचं तर दुसाने अण्णांनीच. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांना तो संधिवात झाला, ज्यात आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. सकाळी बोटं अशी, आकड्यासारखी वाकडी. चहाचा कप दोन्ही तळहातांत दाबून धरायचे.

मग ते इंजेक्शन आलं. दर दुसऱ्या शुक्रवारी एक, पोटावर. चौथ्या महिन्यात अण्णांनी परत चिमटा उचलला आणि आई कुठे जाऊन रडली माहितीये? फ्रीजसमोर. कारण इंजेक्शनं फ्रीजमध्ये होती. मी तेव्हा बीएस्सीला होते. तिथेच ठरवलं, हे जिथे बनवतात तिथेच नोकरी करायची. आणि केली. माळेगाव एमआयडीसीत, तपासणी विभागात. कंपनीचं नाव घेत नाही, वकिलांनी जीभ बांधलीये.

तीन वर्षं मस्त गेली. मग बोटं हळूहळू परत वळायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडेनासं झालंय, कंपनीला कळवा. आईनं हेल्पलाइनला फोन लावला. माणूस नाहीच हो तिकडे, मशीनचा आवाज, अगदी साखरेत घोळलेला. "ताई, आपला फ्रीज मागच्या काही महिन्यांत कधी बंद होता का?" आणि माझी आई खोटं बोलत नाही. म्हणाली, हो, मार्चमध्ये एकदा दुपारभर वीज नव्हती. "धन्यवाद ताई. औषध योग्य तापमानाला न ठेवल्यास गुण कमी होतो. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. आपला दिवस आनंदात जावो."

आनंदात जावो!

आणि मी काय म्हणाले? मी, प्रयोगशाळेत काम करणारी शहाणी? मी म्हटलं, "आई, प्रोटीन असतं ते. एक दुपार पुरते त्याची वाट लागायला. लक्ष ठेवायचं ना." मार्चमधली इंजेक्शनं तर जूनपर्यंत संपून गेली होती. मग पुढच्या डिसेंबरात बोटं का आखडली, हा साधा प्रश्न मला पडला नाही. आईनं त्यानंतर दोन वर्षं, दोन वर्षं, दिवसातून चार वेळा फ्रीजमध्ये थर्मामीटर बघितला आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. मामेबहिणीच्या लग्नाला गेली ती हळद लावून जेवायच्या आत परत. फ्रीज एकटा आहे म्हणून.

आता थोडं शास्त्र ऐका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि मी सोपं करून सांगते.

तापावरची गोळी रसायनं मिसळून बनते. प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखा, अगदी तंतोतंत. हे इंजेक्शन तसं नाही. हे प्रोटीन आहे, आणि ते जिवंत पेशी बनवतात. हॅमस्टर नावाचा उंदरासारखा प्राणी असतो, त्याच्या पेशी मोठ्या टाकीत वाढवायच्या, त्यांना खाऊ घालायचं, आणि त्या आपल्याला हवं ते प्रोटीन विणून देतात. लांबलचक माळ, स्वतःभोवती घड्या घातलेली, आणि तिच्यावर साखरेच्या छोट्या छोट्या शेंड्या. माळ सगळ्यांची सारखी, पण शेंड्या? पेशीच्या मर्जीवर. टाकी थोडी गरम झाली, खाऊ थोडा बदलला, की शेंड्या बदलल्या. आणि खरी मेख त्या शेंडीत असते. या हॅमस्टरच्या पेशी कधी कधी एक अशी साखर लावतात, जी माणसाच्या अंगात बनतच नाही. तसे रेणू चार-दोन असले तर चालतं. जास्त झाले की शरीर म्हणतं, हा कोण परका? आणि औषधालाच मारायला लागतं. मग इंजेक्शन घ्या नाहीतर साधं पाणी घ्या, एकच.

हे तपासायचं कसं? आमची जुनी पद्धत म्हणजे औषध एका नळीतून सोडायचं, वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि पडद्यावर डोंगर उमटतात. वजन मोजायची यंत्रंही होती. पण सगळ्यांतून कळायची ती गर्दी, माणूस नाही. अख्खं वऱ्हाड ट्रकसकट वजनकाट्यावर चढवायचं आणि म्हणायचं, मागच्या लग्नाएवढंच भरलं, म्हणजे सगळं ठीक. त्यात नवरदेव आहे की नाही, कुणाला माहीत!

म्हणून मग तुलना. एक 'संदर्भ बाटली' असते. शून्याखाली ऐंशी अंशांवर, कुलपात. प्रत्येक बॅचचे डोंगर तिच्या डोंगरांवर ठेवून बघायचे. फॉर्मवर एकच प्रश्न. 'संदर्भाशी जुळतं: हो / नाही.' हो म्हटलं की बॅच गाडीत.

ही बाटली म्हणजे आमच्याकडे देव होती, अक्षरशः. तिची राखणदार नलूताई. नलिनी खैरनार, बावन्न वर्षांच्या, कंपनीत पहिल्या दिवसापासून. मला पिपेट धरायला त्यांनी शिकवलं. दसऱ्याला आम्ही सगळे यंत्रांना झेंडूची फुलं वाहायचो, आतमध्ये फुलं न्यायची परवानगी नाही म्हणून दाराबाहेर यंत्रांचे फोटो मांडून, आणि नलूताई त्या बाटलीच्या बाहेरच्या डब्याला बोटानं कुंकू लावायच्या. मी विचारलं होतं, "ताई, हिला कशाला?" तर म्हणाल्या, "अगं, बाकीची यंत्रं मोजतात. ही ठरवते."

तर एका रविवारी दुपारी अण्णा दुकानात बसले होते, मी डबा घेऊन गेले. काम बंदच होतं, पण अण्णा शटर उघडून बसायचे. त्या दिवशी वजनमापवाल्यांकडून काटा तपासून आला होता, त्यावरचा नवा शिक्का ते बघत होते.

"अण्णा, काम नाही तरी काटा पासिंगला दिला?"

"मग? काटा आहे तोवर शिक्का पाहिजे."

"घरच्या घरी तपासायचा की. वजनं आहेत ना तुमच्याकडे."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पितळेला सोनं म्हणाले. "माझ्या वजनानं माझाच काटा तपासू? आणि वजन झिजलेलं असेल तर? दोघंही एकमेकांना शहाणं म्हणतील." मग जेवता जेवता म्हणाले, "तुमच्या त्या बाटलीला शिक्का कोण मारतं गं?"

"आम्हीच."

"आणि ती संपली की?"

"नवी भरतो. जुनीशी जुळवून."

"आणि ती जुनी?"

"तिच्या आधीचीशी..." असं म्हणता म्हणता माझा घास तोंडातच राहिला.

अण्णांना कळलंही नाही काय झालं ते. ते लोणच्याची फोड बोटांत पकडायचा प्रयत्न करत होते आणि ती निसटत होती.

सोमवारी मी पळतच गेले. आता योगायोग बघा, तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे नवीन यंत्र आलं होतं. आम्ही त्याला 'शिरगणती' म्हणायचो. एक पातळ पडदा, त्यात लाखो भोकं, एका वेळी एकच रेणू घुसेल एवढी बारीक. रेणू आत शिरला की भोकातून वाहणारी वीज क्षणभर अडते, आणि त्या अडण्याच्या ठेक्यावरून यंत्र ओळखतं, याची घडी नीट आहे का, शेंडी कुठली आहे. एक रेणू, दुसरा रेणू, तिसरा. वजनकाटा नाही, सरासरी नाही, वऱ्हाडातला एकेक माणूस दारातून आत घेऊन नाव विचारायचं. आणि मुख्य म्हणजे त्याला कशाशी जुळवायची गरज नाही. ते मोजतं. बस.

यंत्र अजून अधिकृत झालं नव्हतं, आम्ही सराव करत होतो. मी नलूताईंना म्हटलं, "ताई, सरावाला जुन्या संदर्भ बाटल्यांचे राखीव नग द्याल का? पहिलीपासून सातवीपर्यंत?"

"सगळ्या? कशाला गं?"

"हात बसायला."

दिल्या त्यांनी. माझ्यावर विश्वास होता हो त्यांचा.

दुपारी तीनला आकडे आले. हजारातले किती रेणू परक्या साखरेचे? पहिली बाटली, नऊ वर्षांपूर्वीची, आमचं औषध ज्याची नक्कल आहे त्या मूळ परदेशी औषधाशी जुळवलेली: तीन. दुसरी: नऊ. तिसरी: सतरा. चौथी: सव्वीस. पाचवी: अडतीस. सहावी: एकोणपन्नास. सातवी, जी आत्ता कुलपात होती: एकसष्ट.

मी तीनदा चालवलं. एकसष्ट. एकसष्ट. साठ.

कळतंय का? प्रत्येक नवी बाटली आधीच्या बाटलीपासून एवढीशी सरकलेली. नियमात बसेल एवढीशी. कुणी खोटं केलं नाही! हीच तर चीड येते! एकानंही चोरी केली असती तर त्याची मान पकडता आली असती. इथे नऊ वर्षं प्रत्येकानं 'जुळतं' म्हटलं आणि प्रत्येक जण खरं बोलत होता. बॅच बाटलीशी जुळत होती, कारण बाटलीच वाकडी होती.

मग मी सातव्या बाटलीचं प्रमाणपत्र उघडलं. खाली दोन सह्या. 'तयार केलं: न. खैरनार.' आणि 'पडताळणी: के. दुसाने.'

माझी सही. मीच. दोन वर्षांपूर्वी, पंधरा मिनिटांत, डोंगरावर डोंगर ठेवून. ज्या औषधानं अण्णांची बोटं आखडली, त्याला मी 'हो'वर टिक केली होती आणि घरी जाऊन आईला फ्रीजवरून बोलले होते.

मी नलूताईंकडे गेले. त्या यंत्राची ती नळी, कॉलम म्हणतात तिला, धूत होत्या.

"ताई, हे बघा."

त्यांनी कागद बघितला.  मग म्हणाल्या, "यंत्र नवीन आहे."

"ताई, तीनदा चालवलंय."

"मग चौथ्यांदा चालव."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आवाज खाली."

"माहीत होतं का ते सांगा!"

त्यांनी हातमोजे काढले. "चौथ्या बाटलीच्या वेळी डोंगराला खांदा दिसला होता मला. बारीकसा, उजवीकडे. मी लिहिलं होतं. वरून विचारलं, जुळतं की नाही? तिसरीलाही थोडा खांदा होता. जुळतच होतं. काय लिहू मी? नाही जुळत?"

"पण पहिलीशी लावून बघायचं ना!"

"फॉर्मवर पहिलीचा रकाना नाही, केतकी." आणि मग एकदम चिडल्या, "तू बघितलंस का सातवीच्या वेळी? सही आहे ना तुझी? मी म्हटलं कर आणि तू केलीस. मला कुणीतरी म्हटलं आणि मी केली. आता मलाच कोर्टात उभी करतेस?"

 खरं होतं ना ते.

मंगळवारी उपासनी सरांकडे. गुणवत्ता विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, म्हणजे तोंडावर तरी. "बस केतकी, पाणी घे. वडिलांची तब्येत कशी आहे?" असं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "उत्तम काम. फक्त एक अडचण आहे. शिरगणतीचं व्हॅलिडेशन झालेलं नाही."

"मग करू या ना, सर. आजच."

"करू की. व्हॅलिडेशनचा नियम काय? ज्या नमुन्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, तो यंत्रात घालायचा. तेच उत्तर आलं तर यंत्र पास."

"आणि उत्तर माहीत असलेला नमुना कुठला?"

"संदर्भ बाटली. सातवी."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. "सर, सातवीचं उत्तर आपल्याला माहीत नाहीये. आपल्याला वाटतं की माहीत आहे. हेच तर यंत्र सांगतंय!"

"म्हणजे यंत्राचं उत्तर प्रमाणपत्राशी जुळत नाही."

"नाही."

"मग यंत्र नापास," उपासनी सर म्हणाले. आणि ड्रॉवरमधून फॉर्म काढला. 'यंत्र संदर्भाशी जुळतं: हो / नाही.' "तू चालवलंयस, तूच 'नाही'वर टिक कर. गुरुवारी बॅच एकशे बारा निघाली की शुक्रवारी यंत्र परत पाठवू."

आहे की नाही? आरसा वाकडा दाखवतो म्हणून आरसा परत!

मी म्हटलं, "शुक्रवारी माझ्या वडिलांचं इंजेक्शन आहे."

"म्हणूनच सांगतो, तू भावनेच्या भरात आहेस." आणि मग पुढे वाकून, "अकरा हजार लोक या औषधावर आहेत, केतकी. अजून बऱ्याच जणांना गुण येतोय. बाटली रद्द केली की एकही बॅच बाहेर जाणार नाही. पाच महिने, सहा महिने. त्यांचे सांधे आखडायला लागले की त्यांना काय देशील तू? तुझा एकसष्ट?"

खरं सांगते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाहीये. पण मी विचारलं, "सर, ज्यांना गुण येतोय, त्यांच्याही अंगात ते परकंच जातंय ना? दर दुसऱ्या शुक्रवारी? अण्णांनाही तीन वर्षं येत होता गुण."

"तक्रारींचा आकडा वाढलेला नाही."

"कारण तुम्ही त्या बंद करता! फ्रीज विचारून! माझ्या आईची केलीत!"

"हेल्पलाइन माझ्या विभागात येत नाही," ते म्हणाले.

तेव्हा आपटलं मी ते भांडं. पाण्याचंच होतं, त्यांनीच दिलेलं. फॉर्म भिजला, त्यांची पँट भिजली, आणि सिक्युरिटीच्या पाटील काकांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. बिचारे सारखं म्हणत होते, "पोरी, हात कापलाय का बघ आधी."

बुधवारी मला आत यायला बंदी. पण एक नियम असतो, तो मला माहीत होता, कारण नलूताईंनीच शिकवला होता. संदर्भ बाटली रद्द करायचा अधिकार गुणवत्ता प्रमुखाला नसतो, मालकालाही नसतो. फक्त राखणदाराला. बाटलीची एक वही असते, आजही कागदाची, आणि त्यात शाईनं लिहिलेलं कुणालाही खोडता येत नाही. राखणदारानं 'रद्द' लिहिलं की त्या क्षणापासून त्या बाटलीवर बेतलेली प्रत्येक बॅच जिथे असेल तिथे थांबते आणि सरकारी खात्याला कळवावंच लागतं. नऊ वर्षांत हे कुणी केलं नव्हतं.

म्हणून मी गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नलूताई बाहेर आल्या. मला बघून आधी वळल्याच. मग आल्या आणि माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"काढलं तुला?"

"कागद यायचाय."

"तोंड फार चालतं तुझं."

"ताई, बाटली रद्द करा."

"साती बाटल्यांवर माझी सही आहे, बाई. साती. रद्द लिहिलं की पहिला प्रश्न मलाच. नऊ वर्षं काय करत होतीस?"

"सातवीवर माझीही आहे. मी येईन बरोबर."

"तू येशील! तू सव्वीस वर्षांची, तुला उद्या दुसरी नोकरी लागेल. मला काय म्हणतील माहितीये? खैरनार बाईंनी घाण केली. उपासनी नाही म्हणणार, मालक नाही म्हणणार. बाई म्हणणार." त्यांचा आवाज चढला. टपरीवाला बघायला लागला. "मी मुलगी तापानं फणफणलेली घरी ठेवून आलेय त्या बाटलीसाठी. दिवाळीत आलेय. फ्रीजरचा गजर वाजला म्हणून सासूच्या तेराव्याला मधून उठून आलेय. मला वाटायचं हिच्यामुळे लोक बरे होतात!"

"ताई, माझी आई दोन वर्षं एका फ्रीजसमोर उभी आहे," मी म्हटलं. "तिलाही असंच वाटतं. फक्त उलटं. तिला वाटतं, तिच्यामुळे अण्णा आजारी आहेत."

 चहा आला, तो नलूताईंनी घेतला नाही. मग विचारलं, "काय बघते ती?"

"तापमान. दिवसातून चार वेळा. कॅलेंडरवर लिहिते."

"चार वेळा?"

"हो."

"मी दोनदाच बघते," नलूताई म्हणाल्या.

आणि उठल्या. पर्स बाकावरच विसरून गेल्या, मी हाका मारल्या तर मागे बघितलं नाही.

आत काय झालं ते मला नंतर पाटील काकांनी सांगितलं, आणि ते पान तर आता सगळ्यांनी पाहिलंय, चौकशीत आलं ना. बॅच एकशे बारा गुरुवारी पहाटे निघायची म्हणून तिची खोकी आदल्या दिवशीच गाडीजवळ लावत होते. नलूताई सरळ फ्रीजर खोलीत गेल्या, वही काढली, तारीख घातली, वेळ घातली, एक वाजून बावन्न मिनिटं. 'संदर्भ बाटली क्रमांक सात: रद्द.' उपासनी सर धावत आले म्हणे, दारात उभं राहून ओरडत होते, "बाई, कारण काय लिहिणार? कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही! एकाही चाचणीत ती नापास झालेली नाही, सगळं जुळतंय!"

नलूताईंनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सगळं जुळतं, म्हणून.'

गाडी थांबली. पुढचं तुम्ही बातम्यांत बघितलंत. मला काढलं, नलूताईंना निलंबित केलं, उपासनी सर रजेवर आहेत. आणि गेटवर मोर्चा आला तो कंपनीविरुद्ध आला असं वाटतं ना तुम्हाला? निम्मा माझ्याविरुद्ध होता. एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "माझ्या लेकीला लागू पडत होतं ते. तू कोण बंद करणारी?" मी उभी राहिले आणि ऐकून घेतलं. तिला काय सांगू, अजून तीन वर्षांनी काय झालं असतं ते? तिच्या लेकीला आज जिना चढता येत नाहीये.

अण्णांचं रक्त तपासलं. औषधाविरुद्धचं सैन्य भरभरून तयार आहे म्हणाले डॉक्टर. दुसऱ्या जातीचं औषध सुरू केलंय. दोन बोटं सुटतायत. अंगठ्याचा सांधा गेला तो गेला. आणि सोनाराचा अंगठा म्हणजे... असो.

पण मला तुम्हाला बुधवारची संध्याकाळ सांगायची होती. मी घरी गेले. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, एका दमात, बाटल्या, आकडे, एकसष्ट, नलूताई, सगळं. आणि शेवटी म्हटलं, "आई, तुझी चूक नव्हती. फ्रीजचा काही संबंधच नव्हता."

मला वाटलं ती रडेल. मला जवळ घेईल. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"ते मशीन म्हणालं होतं मला," ती म्हणाली. "ते मशीन होतं. तू पण म्हणाली होतीस."

"हो."

"तुला शिकवलं होतं आम्ही."

"हो आई."

"मग म्हण आता."

"काय म्हणू?"

"चुकलं म्हण. कंपनीचं काय ते सरकार बघेल. तू म्हण."

"चुकलं, आई."

"मोठ्यानं म्हण. अण्णांना ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं म्हटलं. बाहेरच्या खोलीत अण्णांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

आता माझी आई कशी आहे, तुम्हाला माहितीये. दूध उतू गेलं तरी 'असू दे' म्हणते. पाहुण्यानं कपबशी फोडली तरी 'असू दे'. मी वाट बघत उभी राहिले. तिनं ती भाकरी टोपलीत ठेवली, दुसरा गोळा हातात घेतला आणि थापायला लागली. जोरात, पीठ उडेल इतक्या जोरात. आणि म्हणाली नाही. अजून म्हणालेली नाही.